एक नग ट्रेलर, उघड्यावर ठेवू नये

दफ्तरदारांच्या ताब्यातून तीस वर्षांत एकही नकाशा हरवला नाही. जमीनमोजणीच्या कचेरीत तळमजल्यावर जुन्या नकाशांची खोली होती आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी या कामगिरीचा उल्लेख केला तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, की बाहेर जाऊच दिला नाही तर हरवेल कसा. दफ्तरदारांनी ते ऐकलं, पण मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या मते ते कौतुकच होतं.

तसा एक नकाशा त्यांनी बाहेर दिला होता. नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका वरिष्ठांच्या शब्दाखातर, फक्त दोन दिवसांसाठी. तो परत आला तेव्हा त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता, तोही नेमका एका तळ्याच्या शेजारी. पुढे कित्येक वर्षं त्या गावात दोन तळी आहेत अशी सरकारची समजूत होती. एकदा तर दुसऱ्या तळ्यातला गाळ काढायचा प्रस्तावही आला होता. त्या दिवसापासून दफ्तरदारांनी मनाशी पक्कं ठरवलं, की वस्तू बाहेर गेली की तिचं काही खरं नाही.

असा माणूस निवृत्तीनंतर प्रवासाचा ट्रेलर घेईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण त्यांनी तो घेतला, आणि वहिनींसाठी घेतला. वहिनी म्हणजे त्यांची बायको. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनींची थोरली बहीण समुद्राकाठच्या एका लहानशा गावात राहायची आणि शिवणकाम करायची. घर दोन खोल्यांचं. त्यातली एक खोली मशीननं, कापडांनी आणि गिऱ्हाइकांनी भरलेली, दुसरीत थोरली स्वतः कशीबशी मावायची. त्यामुळे इतक्या वर्षांत वहिनी बहिणीकडे एका मुक्कामापेक्षा जास्त कधी राहिल्या नव्हत्या. घरापुढे मात्र मोकळी जागा होती. चाकांवरची खोली तिथे नेऊन उभी केली तर चांगलं महिनाभर राहता येईल, ही कल्पना दफ्तरदारांचीच. ती त्यांना कशी सुचली याचं त्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

ट्रेलर तीन तारखेला, रविवारी आला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं तो आपल्या जीपमागे जोडून आणला. दफ्तरदारांनी फाटकाची रुंदी आधीच तीनदा मोजून ठेवली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडून तो अंगणात सुरळीत आला. आत समोरासमोर दोन बाकं होती, जोडली की त्यांचा पलंग व्हायचा. भिंतीला घडीचं टेबल, एक शेगडी, एक एवढंसं बेसिन आणि तीन खिडक्या. वहिनींनी आत पाऊल टाकलं, टेबल उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग घरात जाऊन गजराचं घड्याळ घेऊन आल्या आणि साडेपाचचा गजर लावून खिडकीत ठेवलं. ताईबरोबर पहाटे वाळूवर चालायला जायचं, हे फोनवर ठरलं होतं.

"पुढच्या रविवारी निघू," दफ्तरदार म्हणाले. आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं.

सगळी गडबड झाली ती शेजारचे कप्तान कुंपणापाशी आल्यामुळे. कप्तान बरीच वर्षं बोटीवर होते हे खरं. बोटीवर त्यांच्याकडे कोठारातले कांदे-बटाटे असत, हेही खरं. पण टोपी त्यांनी जपून ठेवली होती आणि हुद्दा लोकांनी बहाल केला होता.

"दफ्तरदार, आठवडाभर असाच उघड्यावर ठेवणार?" कप्तानांनी विचारलं.

"का? काय झालं?"

"ऊन बघा जरा. रंग फुटेल. शिवाय पक्षी आहेत, धूळ आहे. समुद्रावर आम्ही एक वस्तू उघडी ठेवत नसू."

उघड्यावर हा शब्द दफ्तरदारांच्या वर्मी लागला. संध्याकाळपर्यंत जाड निळी ताडपत्री आली. ती कप्तानांनी स्वतःच्या हातांनी बांधली. एकूण अकरा गाठी. "ही गाठ वादळात सुटत नाही," प्रत्येक गाठीला ते सांगत होते. ती गाठ वादळ नसतानाही सुटत नाही हे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कळलं, तेव्हा ताडपत्रीच्या आत घड्याळ वाजायला लागलं.

घड्याळ चांगल्या कंपनीचं होतं. ते पाच मिनिटं वाजायचं, दहा मिनिटं दम खायचं आणि मग पहिल्यापेक्षा जोरात वाजायचं. असं सहा वाजेपर्यंत. तिसऱ्या दिवशी समोरच्या मास्तरीणबाई शाल गुंडाळून फाटकाशी आल्या. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. चाळीस वर्षं पहाटे उठले, आता सातला उठायचा माझा हक्क आहे, असं त्यांनी शांतपणे ऐकवलं. कप्तानांना बोलावणं गेलं. ते तासभर पहिल्याच गाठीशी झटले. मग म्हणाले, ही गाठ भिजली की सुटते. ती भिजवली तर आणखी आवळली. शेवटी नवव्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आल्या, एकामागून एक अकरा गाठी कापल्या आणि सुरी धुवायला घेऊन गेल्या. कप्तान दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

ताडपत्री काढली, दार उघडलं आणि आतून जो वास आला तो दफ्तरदारांनी तीस वर्षांच्या अनुभवानं डोळे मिटून ओळखला. छतावर पाण्याचे थेंब जमले होते. पडद्यांच्या खालच्या कडेला काळे ठिपके उठले होते. बुरशी. दफ्तरदारांचं जगात कुणाशी वैर नव्हतं, एक ही बुरशी सोडली तर.

"अहो, झाकून झाकून घाम फुटला त्याला," वहिनी म्हणाल्या. "पडदे धुते. वाळले की निघू."

पण आता मास्तरीणबाईंना विषय सापडला होता. हवा कोंडली की तिच्यातलं पाणी जाणार कुठे, हे सहावीच्या पुस्तकात आहे, असं म्हणून त्यांनी हवेतला दमटपणा दाखवणारं काट्याचं एक यंत्र आणून दिलं. काटा साठाच्या खाली असेल तरच खिडक्या उघडायच्या. आणि जाता जाता त्या आणखी एक वाक्य टाकून गेल्या. "आत माणसंही फार बसवू नका. माणसाच्या श्वासात पाणी असतं."

त्याच संध्याकाळी ट्रेलरच्या दाराशी सुतळीला बांधलेली एक नोंदवही लटकली. दफ्तरदारांनी ती पट्टीनं आखली होती. तारीख, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, कारण, सही. शेवटच्या पानावर खुद्द ट्रेलरसाठी दोन रकाने होते, बाहेर नेल्याची तारीख आणि परत आणल्याची तारीख. मुखपृष्ठावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'एक नग ट्रेलर. उघड्यावर ठेवू नये.' कचेरीतल्या खोलीतही अशीच वही असायची.

"मीसुद्धा लिहायचं?" वहिनींनी विचारलं.

"शिस्त म्हणजे सगळ्यांना शिस्त."

दुसऱ्या दिवसापासून चारच्या चहानंतर वहिनी रोज थोडा वेळ आत जाऊन बसायच्या, वहीत लिहायच्या आणि बाहेर यायच्या. दिवेलागणीला दफ्तरदार वही उघडून नोंदीपुढे आपली आखूड सही करायचे. एकदा त्यांनी बाहेर येण्याची वेळ चार एक्कावन्नची चार त्रेपन्न केली, कारण स्वयंपाकघरातलं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

पडदे वाळले. दर रविवारी थोरलीचा फोन यायचा, "निघालात का गं?" आणि वहिनी म्हणायच्या, "पुढच्या रविवारी." आता निघायचं तर चाकं एकदा दाखवून घ्यावीत म्हणून दफ्तरदारांनी गॅरेजवाल्याला बोलावलं. हा माणूस पंक्चर काढण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं करायचा आणि सल्ला मात्र फुकट द्यायचा. तो उकिडवा बसला, टायरला अंगठ्यानं दाबून बघितलं.

"किती दिवस उभी राहणार ही?"

"थोडे दिवस."

"बघा हं काका. एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटा होतो. ऊन लागलं की चिरा पडतात. एक तर चाकं काढून विटांवर चढवून ठेवा, नाहीतर मग फिरवत राहा."

यातला 'नाहीतर'च्या पुढचा भाग दफ्तरदारांच्या कानापर्यंत पोचला नाही. दुपारी ट्रेलर विटांच्या चार ढिगांवर चढला. दोन्ही चाकं आणि त्यांच्यावरचे चिखल अडवणारे, बाहेर आलेले पत्र्याचे कान निघाले, पुसले गेले, जुन्या चादरींत गुंडाळले गेले. त्यांना अंधारी कोरडी जागा हवी होती. घरात तशी एकच जागा होती, झोपायच्या खोलीतल्या कपाटाशेजारची. वहिनी अंथरूण घालायला आत गेल्या तेव्हा त्यांना कोपऱ्यात पांघरूण घेऊन बसलेली दोन चाकं दिसली.

"चाकं काढली?"

"जपायला काढली."

"हं," वहिनी म्हणाल्या.

आता राहिलं होतं छप्पर. दफ्तरदारांचं म्हणणं अगदी सरळ होतं. परत आल्यावर वस्तू ठेवायची कुठे हे ठरल्याशिवाय ती बाहेर काढायची कशी? चार लोखंडी खांब, वर पत्रा, बाजू मोकळ्या. चोवीस तारखेला, रविवारी, ते जेवणाच्या टेबलावर शेडचा आराखडा काढत बसले होते. वहिनींचा फोन झाला. त्या येऊन समोर बसल्या.

"ताई घर सोडतेय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिनाअखेर. लेक न्यायला येणार आहे. मशीनसुद्धा विकून टाकलं तिनं. तिकडे समुद्र नाही की काही नाही. आता कायमची तिकडेच."

दफ्तरदारांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांना खरोखर वाईट वाटलं. थोरलीचा त्यांच्यावर जीव होता, त्यांचे शर्ट ती मापाशिवाय शिवायची.

"अरेरे. मग तर घाई करायला हवी," ते म्हणाले.

वहिनींचा चेहरा खुलला.

"शेडची," दफ्तरदार म्हणाले, आणि पेन्सिल पुन्हा चालू झाली.

दफ्तरदार दुष्ट नव्हते, हे इथे सांगून टाकलेलं बरं. त्यांना भीती वाटत होती. रस्त्यावर खड्डे होते, ओरखडे होते, पाऊस होता, कुणाकुणाचे चहाचे कप होते. वस्तू घरात असली की ती आपली असते, फाटकाबाहेर गेली की ती जगाची होते आणि जगाला वस्तू वापरायची अक्कल नसते. ही भीती बायकोपाशी बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते तिला नियोजन म्हणत.

शेडसाठी नगरपालिकेत अर्ज गेला. परवानगी येईपर्यंत तात्पुरते म्हणून खांब उभे राहिले आणि खांब उघडे गंजतील म्हणून त्यांच्यावर तात्पुरता पत्राही पडला. दफ्तरदारांनी ट्रेलरची रुंदी स्वतः टेपनं मोजून दिली होती. खांब त्या मापाबरहुकूम, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून. कप्तानांनीदेखील मान्य केलं की काम सफाईदार झालंय.

मग तपासनीसबाई आल्या. वय तिशीचं, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मऊ. त्यांनी पत्रा बघितला, खांब मोजले, मग वाकून ट्रेलरच्या खाली बघितलं.

"काका, चाकं कुठे आहेत?"

"झोपायच्या खोलीत."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग दार उघडायला हात घातला.

"आधी वहीत नोंद करावी लागेल," दफ्तरदार म्हणाले. बाईंनी निमूटपणे नोंद केली. 'कारण' या रकान्यात 'तपासणी' असं लिहिलं. आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "विटांवर उभं, वर पत्रा, आत शेगडी, बेसिन, पडदे. काका, ही खोली आहे."

"हे वाहन आहे!"

"वाहनाची चाकं झोपायच्या खोलीत नसतात."

चौथ्या दिवशी नोटीस आली. अंगणात विनापरवाना एक खोली, स्वयंपाकाच्या सोयीसह, बांधल्याचं आढळून आलं आहे; ती पाडून का टाकू नये याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. दफ्तरदार खुर्चीत बसले. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या नोटिसा क्रमानं लावून ठेवल्या होत्या, स्वतःच्या नावाची नोटीस त्यांनी पहिल्यांदाच हातात धरली. ती तीनदा वाचली. दोन ठिकाणी स्वल्पविराम हवे होते, बाकी मसुद्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्याचंच त्यांना जास्त दुःख झालं. कप्तानांनी ती फाटकात उभं राहून मोठ्यानं वाचली. मास्तरीणबाई म्हणाल्या, भूगोलाच्या दृष्टीनं ते घरच आहे.

पंधरा तारखेला, सोमवारी, दफ्तरदार फाइल काखोटीला मारून नगरपालिकेत गेले. चार नंबरच्या खिडकीत त्याच तपासनीसबाई बसल्या होत्या. काचेला खाली एक भोक होतं, त्यामुळे आतल्या माणसाला मोठ्यानं बोलावं लागे आणि मागच्या रांगेला सगळं ऐकू जाई. दफ्तरदारांनी एकेक कागद आत सरकवला. खरेदीचा कागद, नोंदणी, विमा, फोटो.

"कागद सगळे बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "कागदावर वाहन आहे. जागेवर खोली आहे. आम्हाला जागेवरचं बघावं लागतं."

कागद बरोबर असून उपयोग नाही, हे वाक्य दफ्तरदारांना कुणी आयुष्यात ऐकवलं नव्हतं. त्यांनी ठेवणीतला पुरावा काढला. नोंदवही. "वाहन वापरात आहे. रोजच्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीवर माझी सही आहे."

बाईंनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली.

"तेरा तारीख. कारण, कप ठेवणे. चौदा तारीख. कारण, तिसरा कप ठेवणे, ताईसाठी. पंधरा, पडदे लावणे. सोळा, बसणे. सतरा, बसणे. एकोणीस. कारण, समुद्र कुठल्या खिडकीतून दिसेल ते ठरवणे." त्यांनी मान वर केली. "तुमच्याकडून समुद्र दिसतो?"

"नाही," दफ्तरदार म्हणाले. "कप्तानांची भिंत दिसते."

"वीस, बसणे. चोवीस. कारण, ताई घर सोडणार. पंचवीस. कारण, उगाच. सव्वीस, उगाच. सत्तावीस, उगाच." बाईंचा आवाज हळू झाला, पण रांगही गप्प झाली होती, त्यामुळे ऐकू येतच राहिलं. "कालची शेवटची. आत चार वाजून पाच, बाहेर पाच. कारण, दिवस मोजणे. सोळा राहिले."

बाईंनी वही काचेपाशी फिरवून धरली. "ही सही तुमची?"

"माझी."

"वाचून करता?"

दफ्तरदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वेळ बरोबर आहे का ते बघतो," ते म्हणाले.

मागे कुणीतरी खाकरलं. बाईंनी शेवटचं पान उलटलं. बाहेर नेल्याची तारीख, कोरी. परत आणल्याची तारीख, कोरी. वही मिटून त्यांनी ती भोकातून हळूच बाहेर सरकवली.

"काका, वाहन आहे हे दाखवायचं तर चालवून दाखवा. गुरुवारी सकाळी अकराला मी येते. फाटकाबाहेर पन्नास पावलं. तेवढं पुरे."

त्या दिवशी दफ्तरदार बस सोडून चालत घरी आले. वाटेत त्यांना स्वतःची फार लाज वाटली. बायको महिनाभर त्यांना रोज एक ओळ लिहून सांगत होती आणि ते रोज त्या ओळीपुढे सही ठोकत होते. घरी पोचल्यावर त्यांनी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं. शेवटी एवढंच म्हणाले, "गुरुवारी तपासणी आहे."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

गुरुवारी दहाला गॅरेजवाला जीप घेऊन आला. चाकं झोपायच्या खोलीतून बाहेर आली, चादरी सुटल्या, चाकं बसली, वर पत्र्याचे कान बसले, विटा निघाल्या. ट्रेलर पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला. अकराला तपासनीसबाई आल्या. कप्तान टोपी घालून आले. मास्तरीणबाई खुर्ची घेऊन आल्या. जीपनं हळूच ओढ घेतली, ट्रेलर दोन हात पुढे सरकला आणि खणकन वाजून थांबला.

पत्र्याचे दोन्ही कान पुढच्या दोन खांबांना अडले होते. दफ्तरदारांनी खांबांचं माप अचूक घेतलं होतं. फक्त ते चाकं आणि कान काढलेले असताना घेतलं होतं. सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं आणि सगळेच एकदम दुसरीकडे बघायला लागले. मापात चुकलेला माणूस म्हणून दफ्तरदार आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत उभे होते.

"म्हणजे हलत नाही," तपासनीसबाई नाइलाजानं म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं.

"चाकं पुन्हा काढून ढकलत नेऊ," कप्तानांनी सुचवलं.

"हवा कमी करा टायरची," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दफ्तरदारांनी वहिनींकडे बघितलं. त्या पायरीवर उभ्या होत्या. ओठांनी बहुधा दिवस मोजत होत्या, बारा.

"खांब काप," दफ्तरदार म्हणाले.

"काका, पत्रा खाली येईल," गॅरेजवाला म्हणाला. "नवी शेड आहे."

"येऊ दे. दोन्ही काप."

ठिणग्या उडाल्या. पहिला खांब गेला, दुसरा गेला. पुढचा पत्रा कप्तानांनी आणि दफ्तरदारांनी बांबूंनी तोलून धरला आणि त्याच्याखालून ट्रेलर बाहेर पडला. फाटकातून चार-चार बोटं सोडून रस्त्यावर गेला. बांबू काढल्यावर पत्रा कुरकुरत खाली टेकला. तपासनीसबाईंनी पन्नास पावलं स्वतः मोजली.

"वाहन आहे," त्या म्हणाल्या. "वही द्या, शेरा मारते. आता आत घ्यायला हरकत नाही." मग त्यांनी अंगणात टेकलेला पत्रा बघितला. "म्हणजे, घेता आलं तर."

आभाळ भरून यायला लागलं होतं. दफ्तरदारांनी वही पुढे केली. बाईंनी शेरा मारायला पान उघडलं आणि सवयीनं वाचलं.

"आजची तारीख. सहा वीस. कारण, तिची पिशवी ठेवणे. सहा तीस. कारण, घड्याळात नवा सेल घालणे." त्यांनी शेवटचं पान उलटलं. "बाहेर नेल्याची तारीख, आजची. काका, यावर सही नाही."

"तिची हवी आहे," दफ्तरदार म्हणाले. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "वाचून कर."

वहिनी पायरी उतरून आल्या. गॅरेजवाला जीपला टेकून हसत होता. टाकी काठोकाठ भरून आण, असं त्याला आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं. वहिनींनी वही हातात घेतली, एकेक शब्दावर बोट ठेवत वाचली. दोनदा वाचली. मग पेन घेऊन सहा वीसवर एक रेघ मारली.

"सहा पंचवीस," त्या म्हणाल्या. "मी जागी होते." आणि सही केली.

ती पिशवी दफ्तरदारांनी भरली असल्यामुळे तिच्यात चार टॉवेल होते आणि कंगवा नव्हता, हे दुपारी रस्त्यात कळलं. पाऊसही रस्त्यातच लागला. धाब्याशी थांबून दफ्तरदार धावत ट्रेलरमध्ये गेले आणि छत, कोपरे, खिडक्यांच्या चौकटी हातानं चाचपून आले. एक थेंब नव्हता. "अहो काका, पावसात उभी राहायलाच केलेली असते ती," गॅरेजवाला म्हणाला. दफ्तरदारांनी यावर बराच वेळ विचार केला.

थोरलीच्या दारात ते बारा दिवस राहिले. रोज साडेपाचला घड्याळ वाजायचं आणि दोघी बहिणी त्याच्याही आधी उठून वाळूवर गेलेल्या असायच्या. समुद्र वहिनींनी ठरवलेल्या खिडकीतून दिसत नव्हता, समोरच्या खिडकीतून दिसत होता. शेवटच्या दिवशी थोरलीचं सामान बांधून झालं होतं. तिघं घडीच्या टेबलाशी चहा घेत बसले होते. दफ्तरदारांनी परतीची नोंद करायला वही काढून शेवटचं पान उघडलं होतं. बोलता बोलता थोरलीचे डोळे भरून आले. हातातला कप तिनं न बघता खाली ठेवला, तो सरळ वहीवर. वहिनींनी तिचा हात धरला. कपातला चहा तसाच निवून गेला.

मग थोरलीनं कप उचलला. 'परत आणल्याची तारीख' या रकान्यात चहाचा गोल उमटला होता, अगदी पूर्ण. "अगं बाई!" म्हणून ती पदरानं पुसायला गेली.

"राहू दे, ताई," दफ्तरदार म्हणाले, आणि पेनचं टोपण लावलं.

ट्रेलर आता अंगणात उघड्यावर उभा असतो. त्या रकान्यात अजून तेवढीच नोंद आहे.